टाचणीमावशीची ट्रायल

"मी मेले तर तू येशील का?" टाचणीमावशीनं मला विचारलं. तिच्या ओठांत नेहमीसारख्या टाचण्या होत्या आणि हातात कुणाच्या तरी कोटाची अर्धवट बाही. मी नुकतंच गाडीतून मेणबत्त्यांचं खोकं उतरवून तिच्या दुकानाच्या उंबऱ्यावर टेकवलं होतं. कंबर धरलेली, घसा कोरडा पडलेला, बाईनं अजून चहाला विचारलेलं नाही आणि एकदम हे.

"कोणत्या वारी मरणार आहेस त्यावर आहे," मी म्हटलं.

एरवी ती हसली असती. या वेळी तिनं टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीत खोचल्या. टाचणीमावशी टाचण्या काढून बोलायला लागली की समजायचं, गोष्ट गंभीर आहे.

मी शहरातल्या आमच्या ज्यू मंडळाची गाडी चालवते. आम्ही मुळात मूठभर, आणि त्यातले बहुतेक शहरात, सिनेगॉगच्या हाकेच्या अंतरावर राहणारे. पण काही असे आहेत की लग्नामुळे, नोकरीमुळे नाहीतर नुसत्या हट्टापायी कुठच्या कुठे जाऊन बसलेत. एक धरणाच्या कॉलनीत, एक खाणीच्या गावात, एक अशा ठिकाणी की तिथं पोचल्यावर रस्ताच संपतो. त्यांच्याकडे महिन्यातून एकदा मी जाते. शब्बाथच्या मेणबत्त्या, द्राक्षाचा रस, वसंतात बिनखमिराच्या रोट्यांचे डबे, आणि वर्षभर गप्पा. गप्पांचे पैसे मंडळ देत नाही, पण खरं काम तेच आहे. दार उघडणाऱ्याच्या तोंडावरूनच कळतं की महिनाभर हा माणूस आपल्या कुणाशी बोललेला नाही.

टाचणीमावशी त्यातली सगळ्यात जुनी. एका रस्त्याच्या त्या गावात खाली तिचं शिवणाचं दुकान, वर एक खोली. नवरा रेल्वेत सिग्नलवर होता, त्याच्याबरोबर ती तिथं आली. रेल्वे बांधली गेली तेव्हा आमची चार घरं तिथं होती, म्हणून गावाबाहेर आमचं एक छोटं कब्रस्तानही आहे. घरं गेली, कब्रस्तान राहिलं, आणि आता नवराही त्यातच आहे. मावशी दर आठवड्याला तिथं जाऊन गवत उपटते आणि त्याला गावच्या बातम्या सांगते. तो जिवंतपणीही फारसं उत्तर द्यायचा नाही, त्यामुळे तिला फरक पडत नाही.

"माझ्याजवळ कुणी नाही," ती म्हणाली. "तो गेला तेव्हा तो आजारी होता, आधी कळलं होतं. शहरातून पुरुष आले, त्यांनी त्याला आंघोळ घातली, कपडे चढवले, सगळं रीतसर झालं. मी एकटी इथं पटकन गेले तर कोण घालणार? आपल्या बायका कुठायत?"

आमच्यात माणूस गेला की पुरायला उशीर करत नाहीत, आणि पुरण्याआधीची आंघोळ आपल्याच माणसांनी घालायची. बाईला बायकांनी, पुरुषाला पुरुषांनी. शहरात त्यासाठी आमचं बायकांचं पथक आहे, मीही त्यात आहे. पण शहर तिथून दिवसभराच्या रस्त्यावर. त्यात शब्बाथला, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत, मी गाडीला हात लावत नाही.

"मग शहरात चल," मी म्हटलं. "मुलगा केव्हाचा बोलावतोय."

"बोलावत कसला, खोकी पाठवलीत त्यानं." तिनं मशीनमागे बोट दाखवलं. दुमडलेल्या नव्या पुठ्ठ्याच्या खोक्यांची चळत भिंतीला लावून ठेवली होती. "महिनाअखेरीस टेम्पो घेऊन येतोय. पोरगा चांगला आहे गं. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. पण नवव्या मजल्यावर मी काय करू? खिडकीतून कुणाचं डोकंसुद्धा नीट दिसत नाही. आणि मेले की ते मला तिथल्या कब्रस्तानात ठेवणार, आणि हा बिचारा इथं एकटा." तिनं हातातली बाही मशीनवर ठेवली. "माझं कसं झालंय सांगू? जिथं जगायचंय तिथं मला धुणाऱ्या नाहीत, आणि जिथं धुणाऱ्या आहेत तिथं मला जगायचं नाही."

मला राग आला. तिचा नाही, कुणाचा ते कळेना, म्हणून मी चहा मागितला.

चहाबरोबर तिनं कपाटातून एक पांढरं गाठोडं काढलं. बाईनं आपलं कफन स्वतःच शिवून ठेवलं होतं. शिवण अशी की बघत राहावं, हाताचा एकेक टाका मोजून घातल्यासारखा. मी उलगडलं, आणि छातीच्या डाव्या बाजूला माझा हात अडला.

"हे काय?"

"खिसा."

"कशाला?"

"रुमालाला," ती म्हणाली. कफनाला खिसा लावणारी बाई मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते. आमच्यात मृताच्या कपड्याला खिसा नसतो; बरोबर न्यायचं काही नसतं, तर ठेवायचं कशात? मी तसं सांगितलं. मग शिवण उलटी करून पाहिली तर प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला चोख गाठ. गाठही चालत नाही. दोरा नुसता ओवून सोडायचा.

"गाठ न मारता?" मावशीचा चेहरा असा झाला की जणू मी तिला गिऱ्हाइकाचं कापड चोरायला सांगितलं होतं. "अगं, उसवेल ते."

"उसवू दे. उसवायलाच हवं. माती व्हायचंय ना?"

"माझ्या हातचं आजवर काही उसवलेलं नाही," ती म्हणाली आणि गाठोडं माझ्या हातातून ओढून घेतलं. "असलं काम गिऱ्हाइकानं आणलं असतं तर मी दारातून परत पाठवलं असतं." पण मी निघाले तेव्हा ती चष्मा लावून, तोंडानं पुटपुटत, एकेक गाठ कापत बसली होती.

परतीच्या रस्त्यावर मी गाडी चालवत होते आणि डोक्यात हिशेब चालला होता. आंघोळ घालायला निदान तिघी हव्यात. आणि गंमत म्हणजे त्या पट्ट्यात तिघी होत्या. मला माहीत होतं, कारण त्यांच्याही दारात खोकी मीच टेकवत होते. त्यांना एकमेकींचं माहीत नव्हतं, कारण मंडळाचा नियम: एकाचं नाव दुसऱ्याला सांगायचं नाही. कुणाला आपण ज्यू आहोत हे गावात कळू द्यायचं नसतं, म्हणून नियम. चांगला नियम आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण त्या नियमामुळे त्या तिघी एकाच रस्त्यावर राहून, आपण शंभर कोसांत एकट्याच आहोत असं समजत जगत होत्या, आणि मी प्रत्येकीच्या घरी चहा पिऊन तोंड शिवून बसत होते. म्हटलं, नाव सांगायचं नाही ना, नाही सांगत. येशील का, एवढं विचारायला काय हरकत आहे?

पहिली, गुरांची डॉक्टर. ती गोठ्यात मेंढीजवळ गुडघे टेकून बसली होती, हात कोपरापर्यंत आत. मी दारातूनच सगळं सांगितलं, कारण तिच्याकडे बसायला बोलावण्याची पद्धत नाही.

"मेलेल्या म्हातारीला आंघोळ?" ती म्हणाली. "मी जिवंत बैलाला घातलीय, लाथा खाऊन. कधी यायचं सांग." कोकरू बाहेर आलं. तिनं ते गवतावर ठेवलं, आणि मग जरा हळू आवाजात म्हणाली, "आपल्यातलं इथं कुणी आहे हे मला माहीतच नव्हतं."

दुसरी, केमिस्टबाई. हिच्या दुकानात एकही बाटली वाकडी नसते. मी विषय काढल्याबरोबर तिनं शटर अर्धं खाली ओढलं आणि हातमोजे कोणते वापरायचे, पाणी किती गरम, टॉवेल किती, हे विचारायला सुरुवात केली. "येणार का ते तर सांग," मी म्हटलं.

"इथं कुणाला माहीत नाही," ती म्हणाली.

"तिथं सगळ्या आपल्यातल्याच असणार."

तिनं काउंटरवरची एक सरळ बाटली उचलून पुन्हा सरळ ठेवली. "टॉवेल मी आणीन," ती म्हणाली.

तिसरीचं मला खरं टेन्शन होतं. पंपवाली, पंचविशीतली पोरगी, हायवेवरच्या पेट्रोल पंपावर नवऱ्याबरोबर काम करते. आई आमच्यातली, पण ही लहान असतानाच गेली, आणि घरात कुणी काही शिकवलं नाही. मेणबत्ती कशी लावायची ते मीच तिला गाडीच्या बॉनेटवर दाखवलं होतं.

"मला काहीच येत नाही," ती म्हणाली. "प्रार्थना येत नाहीत, वाचता येत नाही. मी कशी चालेन?"

"पाणी ओतता येतं?"

"पेट्रोल ओतता येतं."

"तेवढं पुरे."

ती हसली, मग तिचे डोळे भरले. "आईला कुणी घातली असेल गं आंघोळ?" तिनं विचारलं. मला माहीत नव्हतं आणि खोटं बोलवेना. मी म्हटलं, "शिकून घे, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या पोरीला हा प्रश्न पडणार नाही."

रविवारी दुपारी मावशीचं दुकान बंद असतं. मी पोचले तेव्हा डॉक्टरची जीप दारात होती आणि ती आत उंबऱ्याजवळ बूट काढत होती. मागून केमिस्टबाई टॉवेलांचा गठ्ठा छातीशी धरून आली. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या.

"तू?" डॉक्टर म्हणाली.

"तुम्ही?" केमिस्टबाई म्हणाली.

"दर आठवड्याला तुझ्याकडून जंतांचं औषध नेते मी. इतकी वर्षं."

"मग मी काय औषधाबरोबर धर्म विचारायला हवा होता?"

डॉक्टर असं हसली की वरच्या खोलीची खिडकी हलली. केमिस्टबाईनं आधी दार लागलंय का ते पाहिलं, आणि मग तीही हसली. मी तिला हसताना पहिल्यांदाच पाहत होते. माझ्याबरोबर गाडीतून आलेली पंपवाली कोपऱ्यात उभी राहून दोघींकडे आळीपाळीनं बघत होती. मावशीनं तिला हाताला धरून स्टुलावर बसवलं आणि बिस्किटांचा डबा तिच्या मांडीवर ठेवून दिला.

आता मुद्दा होता शिकवायचं कशावर. शहरात आमच्याकडे माणसाएवढी कापडी बाहुली आहे. ती नेमकी दुसऱ्या शाखेत गेलेली, आणि मी ठरवून आले होते की मावशीच्या दुकानातला कपडे अडकवायचा पुतळा वापरू. पुतळा कापायच्या टेबलावर आडवा केला आणि आम्ही चौघी भोवती उभ्या राहिलो.

"हिचं डोकं कुठाय?" डॉक्टरनं विचारलं.

डोकं नव्हतं. हात नव्हते. कमरेखाली लाकडी खांब होता. आंघोळीतलं निम्मं काम डोकं, हात आणि पाय यांचंच असतं, हे माझ्या डोक्यात इतक्या लांबच्या प्रवासात एकदाही आलं नव्हतं. पंपवालीनं खांबावरून हात फिरवून "हा उजवा की डावा?" असं विचारलं, तेव्हा मलाही हसू आवरेना.

"बाजूला व्हा," मावशी म्हणाली. तिनं पुतळा उचलून भिंतीला लावला, स्टूल ओढलं, त्यावर पाय दिला आणि टेबलावर चढली.

"मावशी, खाली उतर. जिवंत माणसावर हे करत नाहीत."

"आजवर ट्रायल न घेता मी कुणाला कोट दिलेला नाही. माझ्या स्वतःच्याच कामात कशी सोडू?" ती सरळ उताणी झाली आणि हात बाजूला घेतले. "आणि तुम्ही चुकलात तर ते सांगायला त्या दिवशी मी असणार आहे का?"

मी तिला दोन अटी घातल्या. त्या वेळच्या प्रार्थना जिवंत माणसावर म्हणायच्या नाहीत, आणि तिचा झगा अंगावरच राहील. फक्त केस, तोंड, हात आणि पाय. तिनं मान्य केलं. मी वरून चादर घातली आणि सांगायला लागले. डोक्यापासून पायांपर्यंत जायचं, आधी उजवी बाजू, मग डावी. जेवढं धुवायचं तेवढंच उघडायचं, धुऊन झालं की लगेच झाकायचं. तिच्या अंगावरून एकमेकींना वस्तू द्यायच्या नाहीत, फिरून जायचं. ती काही टेबल नाही, माणूस आहे. आणि फालतू बोलायचं नाही.

"ती बादली माझ्या कापडांपासून लांब ठेवा," टेबलावरून आवाज आला.

"मेलेली माणसं बोलत नाहीत," मी म्हटलं.

"मग अजून थोडी धुगधुगी आहे असं धर. मानेखालचा टॉवेल टोचतोय."

केमिस्टबाईनं टॉवेल बदलला. पाण्यात कोपर बुडवून गरमपणा पाहिला, मान हलवली, थोडं गार ओतलं, पुन्हा पाहिला. डॉक्टरनं मावशीच्या मानेखाली हात घालून डोकं उचललं. त्या हातांनी बैल आडवे केलेत, पण डोकं असं अलगद उचललं की मावशीनं डोळे मोठे करून वर पाहिलं. पंपवालीनं तिचा अंबाडा सोडला. केस पातळ, पांढरे, पण कमरेइतके लांब. ते मी कधी मोकळे पाहिलेच नव्हते. मला वाटतं गावात कुणीच पाहिले नसतील.

"ओत," मी म्हटलं.

पहिलं पाणी निम्मं टेबलावर सांडलं आणि मी मावशीच्या ओरडण्याची वाट पाहिली. तिनं मान डॉक्टरच्या हातावर सैल सोडली. दुसऱ्या तांब्याला धार सरळ पडली. पोरगी पाणी ओतत होती आणि दुसऱ्या हातानं केसांतून बोटं फिरवत होती. बोटं फिरवायला मी सांगितलं नव्हतं, पण मी तिला थांबवलंही नाही.

मग तोंड. मग उजवा हात, त्याची बोटं सुईनं टोचून टोचून टणक झालेली. केमिस्टबाईनं एकेक बोट वेगळं धुतलं, आपल्या बाटल्या पुसते तसं, नखांच्या कडांसकट. मग डावा. मग पाय. उजव्या तळव्याला मशीनच्या पायट्यानं घट्टे पडले होते. डॉक्टर त्यांवर अंगठ्यानं गोल गोल चोळत राहिली.

दुकानात पाण्याखेरीज आवाज नव्हता. आणि मग माझ्या लक्षात आलं, की टाचणीमावशी, जी टाचण्या तोंडात धरूनसुद्धा बडबडते, ती केव्हाची गप्प आहे. डोळे मिटलेले. तोंड जरा उघडं. म्हटलं, गेली की काय. केमिस्टबाईच्याही मनात तेच आलं असावं, कारण तिनं मनगट धुता धुता नाडीवर बोटं ठेवली, आणि मला मान हलवून सांगितलं, आहे. तेव्हाच मी पाहिलं, मावशीच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी ओघळून कानात चाललं होतं. ते तांब्याचं पाणी नव्हतं.

शेवटचं एकच काम उरलं होतं. आम्ही शेवटी मृताची क्षमा मागतो; ती प्रार्थना नव्हे, म्हणून आजही चालणार होती. मी तिघींना तिच्या पायांशी उभं केलं, मावशीचं नाव तिच्या आईच्या नावासकट घेतलं, आणि म्हटलं, "जे केलं ते तुझ्या मानासाठी केलं. काही कमी पडलं असेल, कुठं दुखलं असेल, तर आम्हाला क्षमा कर." तिघी माझ्यामागून म्हणाल्या. पंपवालीचा आवाज मध्येच फुटला, पण तिनं शेवटपर्यंत म्हटलं.

एरवी याला उत्तर येत नाही. मी हे आजवर कितीतरी जणींना म्हटलंय, आणि दर वेळी ते शांतपणे ऐकून घेऊन आम्ही बाहेर पडलोय. त्यामुळे मावशी उठेल, टेबल ओलं केल्याबद्दल चार शब्द सुनावेल, अशीच माझी कल्पना होती.

"झालं, मावशी," मी म्हटलं. "उतर आता. सांग, पास की नापास?"

ती उठली नाही. डोळे उघडले आणि छताकडे पाहत राहिली.

"मुलाला फोन कर," ती मला म्हणाली. "सांग, टेम्पो नको आणू. नुसता ये, या तिघींना भेटायला." मग धुतलेला हात वर धरून पाहिला. "मी या गावातल्या सगळ्यांना हात लावलाय गं. खांदे, छात्या, कमरा. लग्नाच्या पोरी, म्हातारे, सगळे. हात वर करा, वळा, असं सांगत इतकी वर्षं मापं घेतली. पण तो गेल्यापासून मला कुणी हात लावला नव्हता. एकदाही नाही."

डॉक्टरनं तिचा पाय अजून हातातच धरला होता.

"मेल्यावर तुम्ही हे सगळं कराल," मावशी म्हणाली, "आणि नीट कराल, आता मला काळजी नाही. पण तेव्हा मला काय कळणार आहे? आज कळलं."

पंपवालीनं बादलीत हात घालून पाहिला.

"पाणी अजून कोमट आहे," ती म्हणाली. "अजून घालू?"

"घाल," मावशी म्हणाली, आणि डोळे मिटले.